दोन सेकंद पुढे

ईदच्या पाच सुट्ट्या. फहाहीलमधला
तिसऱ्या मजल्यावरचा एका खोलीचा संसार.
बाहेर धूळ उठलीय, समोरचा मिनार
सकाळपासून पिठात बुडवल्यासारखा,
आणि मुनाफ सोफ्यावर पाय पसरून
पडद्यावरची नजर न काढता विचारतो,
"कुठपर्यंत आलीस?"

अरे, मी इथेच आहे, तुझ्या उशाशी.
तू जिथपर्यंत, तिथपर्यंतच.

पण आठ वर्षांची सवय.
तो इथे कॅम्पात, सहाजण एका खोलीत,
चादरीच्या आडोशाला, मोबाइल छातीवर उभा करून;
मी हर्णैला गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून,
कारण रेंज तेवढ्यापुरतीच.
त्याचे साडेनऊ म्हणजे माझे बारा.
एक, दोन, तीन म्हणायचं
आणि दोघांनी एकदम बटण दाबायचं.

एकदम कधीच झालं नाही.
त्याचं नेट दोन सेकंद पुढे धावायचं.
आधी तो हसायचा, मग माझ्यापर्यंत विनोद यायचा,
शिळा नव्हे, उष्टा.
मला तसाच आवडायचा.
आणि भुताचा सिनेमा असला की कानात त्याचा आवाज,
दबका, बाकीचे पाच झोपलेले म्हणून:
"आता डोळे मीट."
मी मिटायचे.
किंकाळी पापण्यांवरून निघून जायची.
"उघड," म्हणायचा.
तोवर त्या बाईला कुणीतरी पाणी देत असायचं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मॉलमधल्या थिएटरात गेलो.
इथे पडद्यावर चुंबन चालत नाही.
नायक दारात झुकला
आणि एकदम सकाळ, कुकरची शिट्टी,
तिच्या कडेवर पोर.
मागच्या रांगेतली मलबारी मुलं ओरडली.
परतताना गाडीत मुनाफ म्हणाला,
"आपलं तरी वेगळं काय झालं?
निकाह, बावीस दिवसांची रजा,
मेंदीसुद्धा उतरली नव्हती तुझी,
आणि एकदम तू, दोन बॅगा, कुवेतचं विमानतळ."
सिग्नल हिरवा होऊनही तो थांबून राहिला.
मागच्याने हॉर्न वाजवला.
मधलं कापून कुठे ठेवतात,
असं काहीतरी माझ्या ओठांवर आलं होतं.
मी म्हणाले, खुबूस संपलेत, बकाल्यावर थांब.

घरी आता पडदा एकच,
त्रेचाळीस इंची, हप्त्यावर घेतलेला.
तो हसतो तेव्हाच मी हसते.
आणि काल भुताचा लावला,
कपाटाचं दार करकरलं,
तर आम्ही दोघंही एकाच वेळी दचकलो,
शीरखुर्म्याची वाटी गालिच्यावर.
मी त्याच्याकडे पाहिलं. सांगितलं का नाहीस?
तो माझ्याइतकाच पांढरा.
माझा दंड त्याने इतका घट्ट धरलेला
की चार बोटं उमटली.

मला माहीतच नव्हतं हा एवढा भित्रा आहे.
आठ वर्षं सगळं आधी
एकट्यानेच बघून घेत होता.

अर्धा राहिला. "उद्या संपवू," म्हणत झोपला.
परवा पहाटे पाचला बस, पुन्हा अहमदीची रिफायनरी.
एसी घरघरतोय.
साडेनऊ वाजलेत, म्हणजे हर्णैला बारा,
टाकीपाशी आता कुणी नसेल.

मी आवाज शून्यावर आणला
आणि पुढचा एकटीने बघितला,
उशी नाकापर्यंत ओढून, एक डोळा मिटून.
कुठे काय येतं ते
किराण्याच्या पावतीमागे लिहून ठेवलं:
विहीर, एक तास बारा मिनिटं.
आरसा, लगेच मागोमाग.
शेवटी म्हातारी, पण ती वाईट नाही.

मग सिनेमा होता तिथे
आणून ठेवला.