आकसण्याची सूट

शिरोलीच्या शेडमधून साडेपाचला सुटते,
नाकात कोअरच्या वाळूचा करपट वास, हात कोपरापर्यंत काळे.
केएमटीच्या मागच्या सीटवर ओल्या रुमालानं नखं पुसते
आणि उद्यमनगरच्या थांब्यावर
विद्यार्थिनी म्हणून उतरते.

दोन वर्षांचा कोर्स. संध्याकाळी सहा ते साडेआठ.
खाली पंपांचं गोडाऊन, वर आमचं कॉलेज.
जिन्यात ग्रीसचे ठसे, तीन वर्ग, एक वर्कशॉप,
एक नळ, त्याला फडकं बांधलेलं.

नणंद विचारते, "म्हंजे वैनी, ग्रॅज्युएट न्हाईस तू?"
न्हाई.
"मग इंजिनेर?"
न्हाई गं.
"मग दोन वर्सं करतीस तरी काय तिथं?"
म्हटलं, लाकूड तासतो.
ती हसली. मीही हसले. तव्यावरची भाकरी करपली.

पहिल्या महिन्यात एकतीस होतो, आता एकोणीस.
तौफिक शिकलगार, ज्याचा बाप सुऱ्यांना धार लावत गल्लोगल्ली फिरला.
कागलचे बेनाडे हवालदार, फौजेतून परतलेले,
ड्रॉइंगच्या तासालाही ताठ बसतात.
प्रणोती, बारावीत गणितात गेलेली,
इथं मात्र कोन तिला न मोजता कळतात.
सगळे मला अक्काताई म्हणतात, मानानं.
कुणाला माहीत नाही की ते माझं नावच आहे,
दाखल्यावरचं. जन्मल्यापासून मोठीच मी.

तिसऱ्या आठवड्यात मगदूम सरांनी
कपाटातून एक पोलादी पट्टी काढली,
साध्या पट्टीला लावून ठेवली.
शून्याला शून्य जुळलं.
शेवटाला मात्र तिचा तीनशे
साध्या पट्टीच्या तीनशे तीनवर गेला.

"खोटी हाय," तौफिक म्हणाला.
"खोटीच हाय," सर म्हणाले, "म्हणून तर पॅटर्नवाल्याची हाय.
बिडाचा रस निवताना आकसतो, शंभराला एक.
तेवढं लाकडात आधीच वाढवून ठेवायचं.
मग काम बरोबर मापाचं निघतंय."

अकरा वर्षं मी कोअर भाजले,
रस पडताना लांबून पाहिला,
पदरानं तोंड झाकून.
तो थंड होताना आतल्या आत सरकतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
तसं मी तरी कुणाला विचारलं होतं?
साच्यापलीकडं जायची वाट तेव्हा
फक्त झाडू घेऊनच होती.

वहीत लिहिलं: आकसण्याची सूट.
सर म्हणाले, परीक्षेत श्रिंकेज अलाउन्स लिहा.
दोन्ही लिहिलं. खाली दोन रेघा ओढल्या.

त्या रात्री रजिस्टरात सही करून पट्टी घरी आणली.
पोराला मोजायचं होतं.
तो पुण्याला निघालाय, चार वर्षांच्या कॉलेजला.
फीच्या कागदावर माझा अंगठ्याएवढा काळा डाग पडला
तर नवी प्रिंट काढून आणली त्यानं, काही न बोलता.
मित्रांना सांगितलंय, आई शिवणक्लासला जाते.
हे मला शिवणक्लासवालीनंच सांगितलं.

दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला.
दर सालच्या पेन्सिलीच्या खुणा शेजारी,
एकीवर चुना लागलेला.
खालून वर पट्टी सरकवत गेले,
तीनशे, सहाशे, नऊशे,
डोक्यापाशी पोचेतो चवड्यांवर उभी राहिले.

"एकशे अडुसष्ट."
"ह्यॅ! कॉलेजच्या फॉर्मवर एकशे सत्तर हाय माझी."
"असंल."
"मग पट्टी खोटी हाय तुझी."
"व्हय."

हातातून घेऊन त्यानं ती उजेडात धरली,
आकड्यांवरनं बोट फिरवलं,
स्वतःच्या कंपासमधली पट्टी आणून शेजारी लावली.
बराच वेळ काही बोलला नाही.
बाहेर कुणीतरी बुलेट सुरू करत होतं, होत नव्हती.

"असली पट्टी कशाला करत्यात पण?"
सांगायला तोंड उघडलं,
आणि सरांसारखं जमेना. बिडापासून सुरू करावं की लाकडापासून?
म्हटलं, बस. वही आणतो.