पुसट म्हणजे अर्धी का

उदगीरच्या दवाखान्यात खोली नंबर अकरा.
दारावर पाटी नाही, मीच काढायला लावली.
पाटी वाचून माणसं पुढं सरकायची,
दातांच्या रांगेत उभी राहायची
आणि न दुखणारा दात घेऊन घरी जायची.

एकोणीस वर्षं मी इथं
पंखा बंद करून बोलते.
पंखा चालू असला की माणूस आवाज चढवतो,
आणि पलीकडच्या बाकावर
त्याच्या सोयऱ्यातलं कुणीतरी हमखास असतं.

आता खोकी आलीत.
साबणाच्या वडीएवढी. आत एक काडी, एक बाटली,
एक कागद, त्यात हसत हिरडी पुसणारा माणूस.
लातूरच्या ट्रेनिंगला साहेब म्हणाले,
आता तपासणी लोकांच्या खिशात.
मागून कुणीतरी विचारलं,
जो तपासेल आणि सांगणारच नाही
तो कुठल्या रकान्यात लिहायचा?
साहेबांनी चहा संपवला.

पहिलं खोकं मी घरी नेलं.
मुलगी झोपल्यावर, ओट्यापाशी,
वरची हिरडी एकदा, खालची एकदा,
काडी बाटलीत.
वीस मिनिटं.
हा शब्द मी किती जणांना सहज दिलाय,
सुट्टे पैसे द्यावेत तसा.
त्या रात्री भांडी घासली, घासलेली परत घासली,
दोरीवरची ह्यांची पँट बघत राहिले,
ते जाऊन सहा वर्षं झाली, पँट मी अजून धुते.
एकच रेघ उमटली.
एकच येणार हे ठाऊक होतं.
तरी पाय गार पडले होते.

मग खोकी निघाली गावोगाव.
बिदर नाक्यावर मलंगच्या सलूनमध्ये,
तुरटीच्या खणात.
डाळ मिलचे हमाल, ट्रकवाले दाढीला बसतात;
मलंग आरशातच बोलतो,
दाढीचे चाळीस, खोक्याचं काही नाही.
गोदूबाई कासारणीच्या पाटीत,
हिरव्या चुड्याखाली, पेपरात गुंडाळून.
गावातलं प्रत्येक मनगट तिनं धरलेलं.
कुणाची बांगडी यंदा दोन नंबरनं लहान लागली
हे माझ्या रजिस्टरआधी तिला कळतं.

दोनशे चाळीस गेली.
एकतीस फोन. नऊ जण आले.
बाकीची कुठंयत, वरून विचारणा होते.
माळ्यावर असतील. पिठाच्या डब्यात.
कुणी उघडून परत बंद केलं असेल.
कुणी एक रेघ बघून पहाटेपर्यंत नुसतं बसलं असेल,
त्या सुखाचा रिपोर्ट मला कोण देणार?
पंचवीस तारखेला मी रकाना कोरा ठेवते
आणि खाली सही करते.

परवा रात्री सव्वाअकराला फोन.
नाव नाही. मागं कुत्रं भुंकत होतं.
"मॅडम, दुसरी रेघ पुसट दिसलालीय.
पुसट म्हंजी अर्धी का?"

एकोणीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
म्हणाले, पुसट असली तरी रेघच धरायची.
पण ही काडी शेवटचं बोलत नाही.
शेवटचं रक्त बघून, तीनदा बघून ठरतं,
ते माझ्याकडं.
आणि ठरलं तरी गोळी आहे, रोजची, फुकट,
गोळीवर माणसं सुना आणतात, नातवंडं खेळवतात.
जेवलात का?
"नाही."
जेवा आधी. घरात जागं कोण आहे?
"कुत्रं."
मग त्यालाही भाकर घाला.

तो हसला नाही. फोनही ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.
ताटाचा आवाज आला, पाण्याचा आला,
मग बराच वेळ नुसता श्वास.
घड्याळ बघितलं नाही मी,
पण वीस मिनिटं असावीत.

सकाळी दातांच्या रांगेत चौघं होते.
तिघांचा हात गालावर.
चौथ्याचा शर्टाच्या खिशावर,
खिसा साबणाच्या वडीएवढा फुगलेला.
मी दार उघडं ठेवलं
आणि पंखा बंद केला.