चार रुपये

पुरसो च्यारीनं फणसाच्या खांबात
तुळईचं कुसू बसवलं, तांदळाएवढं सैल.
खिळा एकही नाही. किंदळाची पाचर, बस्स.
"घर कुरकुरतं," म्हणून बाबुसोंनी
मजुरीतले चार रुपये अडवले.

कोयना हलली त्या पहाटे
केरीत आधी भांडी बोलली, मग गोठा.
तुळया खांबांत सरकल्या,
परत जागेवर आल्या.
कौलं फुटली नऊ.
परसातली सिमेंटची नवी टाकी गप्पच होती,
गप्प राहूनच उभी चिरली.

उजाडताना बाबुसो कंदील धरून
सांध्यासांध्याला कान लावत फिरले.
मग अनवाणीच निघाले, मुठीत चार रुपये.

पुरसो दुसऱ्याच कुणाच्या छपरावर
पाचरा ठोकत बसलेला.
खाली न बघताच त्यानं विचारलं,
"कुरकुरलं?"