पाठमोरी

ब्रसेल्सच्या जुन्या बाजारात, रविवारी,
गिऱ्हाईक आलं की आधी बसून बघतं.
स्प्रिंग कुरकुरते का, चामडं मेंढीचं की नुसतं रंगवलेलं,
आत घोड्याचे केस आहेत की फोम कोंबलाय.
मी खरं सांगतो, निम्मं.

फिरमँ नावाचा म्हातारा बसलाच नाही.
लेकीने, जिस्लेनने, दोनदा सांगितलं, तरी
खुर्च्यांच्या मागे मागेच फिरत राहिला
पितळी खिळ्यांवर अंगठा टेकवत,
एक, दोन, सात. हा नवा ठोकलाय, म्हणाला.
ठोकला होता.

"एकेचाळीस वर्षं क्लबात वेटर होते," ती हळूच म्हणाली,
"खुर्च्या त्यांना मागूनच ओळखू येतात.
टक्कल, धूर, आणि वर आलेलं एक बोट."

पॉलिश मारलेली जोडी मी पुढे सरकवली.
त्याने मानही वळवली नाही.
कोपऱ्यातली ती, डाव्या बाजूला सिगारने पोळलेली,
पाठीची वरची कड झिजून पांढुरकी झालेली:
तिथे त्याने तळवा ठेवला. नेमका बसला.
"इथे आम्ही टेकायचो," म्हणाला,
"कुणी बघत नसलं की."

घासाघीस केलीच नाही. दाराची रुंदी
सुतळीला गाठ मारून आणली होती, तेवढी लावून पाहिली.
मग बसला. अगदी कडेवर,
टाचा उचलून,
आत्ता कुणी हाक मारेल असा.

उठताना सवयीने गादी झटकली
आणि रिकामं करायला रक्षापात्र
इकडेतिकडे शोधत राहिला.