पुरवणी कागद

फॉर्ममध्ये एक रकाना आहे :
परदेशी व्यक्तीशी निकटचा संबंध असल्यास तपशील द्यावा.
ती परदेशी व्यक्ती म्हणजे मी.
मोक्पोमध्ये, जन्मले त्याच गल्लीत,
माझ्याच ओट्याला टेकून उभी असलेली
परदेशी व्यक्ती.

वेस्ली पेन उघडून विचारतो,
तुझे वडील सैन्यात होते?
होते. तीस महिने, चोरवॉनच्या बर्फात.
भाऊ?
आहे. अजून दोनशे अकरा दिवस.
काका? दोन्ही मामा? आतेभाऊ?
अरे बाबा,
या देशात पुरुष मोजायला बसलास
तर सैनिकच मोजून होतील.
रकाने संपले.
त्याने पुरवणी कागद जोडला.

ग्यू-वोन सुट्टीवर येतो तो नुसता झोपायला.
त्याच्या वाटच्या फुल्या आई मारते कॅलेंडरवर,
रोज रात्री, भांडी झाल्यावर.
जेवताना त्याने विचारलं,
दाजींना बोलावणं कुणाचं आलं?
कुणाचंच नाही, मी म्हटलं, आपणहून जातायत.
त्याला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय बोलण्यात.
त्याने पुन्हा विचारलं.

कारण विचारलं की वेस्ली आकडे सांगतो.
वय चौतीस, अजून घेतात.
कॉलेजचं कर्ज, व्याजासकट.
शिकवणीला परवा-परवापर्यंत एकतीस मुलं, आता नऊ,
त्यातली दोन जुळी, एकाच फीमध्ये.
आकड्यांच्या खाली आणखी काहीतरी आहे.
ओहोटीच्या चिखलात ऑक्टोपस असतो तसं :
वरून फक्त एक भोक, पेन्सिलीएवढं.
आई कोपरापर्यंत हात घालून बाहेर ओढायची,
दंडाला विळखा बसला तरी हसत.
मला ते कधीच जमलं नाही.

प्योंगतेकच्या कार्यालयात सार्जंटबाईंनी
माझ्यासाठी खुर्ची पुसून दिली.
माझं नाव पासपोर्टवर एका स्पेलिंगने,
लग्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या.
हे-इन, यातल्या तुम्ही कोणत्या?
मी म्हटलं, दोन्ही आम्ही एकत्रच राहतो.
त्या हसल्या. मग कागद फिरवून त्याच्याकडे सरकवला :
सदर व्यक्तीशी संपर्क किती वेळा?
रोज. आठवड्यातून. महिन्यातून. वर्षातून.
त्याने 'रोज'वर खूण केली, ठसठशीत,
पेन कागदात रुतेल इतकी.
उरलेल्या तीन चौकटी
परतीच्या गाडीत आमच्याबरोबर बसून आल्या.

'तुमची हरकत नाही ना' असा रकाना
मी तिन्ही प्रती उलटून शोधला.

जायच्या आदल्या दिवशी तो बाबांच्या दुकानात गेला.
चाळीस वर्षं बाबा केस कापतायत,
आणि बोलावणं आलेल्या प्रत्येक पोराचं डोकं
त्यांनीच उतरवलंय,
मासळीवाल्याचा धाकटा, औषधवाल्याचे तिघे, ग्यू-वोन.
पोराची आई बाकावर बसून रडते,
बाबा मशीनला तेल घालतात, सावकाश,
तिचं आटपेपर्यंत.
एकाकडूनही एक वॉन घेतलेला नाही.

वेस्लीचे केस पिवळे, भुशासारखे,
पांढऱ्या फरशीवर पडले तरी दिसेनात.
मानेवर एक जुना व्रण निघाला.
सात वर्षांच्या संसारात मला तो ठाऊक नव्हता.
बाबांनी त्याच्यावरून बोट फिरवलं, पावडर मारली,
कापड झटकलं
आणि म्हणाले, बारा हजार.

त्याने वीस हजार दिले.
बाबांनी आठ परत केले, मोजून,
नोटा एका दिशेने लावून.

मी बाबांकडे पाहिलं.
गल्ल्यात किल्ली फिरवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले,
ज्यांना न्यायला येतात, त्यांचे मी घेत नाही.
हा गिऱ्हाईक आहे.

वेस्लीला आमची भाषा दुकानापुरती येते,
भाव, वजन, थोडं कमी करा.
काय म्हणाले? त्याने विचारलं,
उघड्या डोक्यावरून हात फिरवत, लाजत,
शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा.

म्हणाले, शोभतंय तुला.