परतीची तारीख

शिक्का सत्तावीस मार्चवरच राहिला.
परतीची तारीख नेहमी दोन आठवडे पुढची.
रोज सकाळी, चुलीत लाकूड सारायच्या आधी,
रबरी पट्टी एक घर सरकवायची,
एकोणीस वर्षांत एवढं एक काम मी चुकवलं नव्हतं.
मग बोटी थांबल्या, शाळा थांबली,
आणि जे जे बाहेर गेलं होतं
ते सगळं सत्तावीस मार्चला परत यायचं होतं.

मुख्याध्यापक फोनवर म्हणाले,
"एदुविना, दुसरीचा वर्ग तुम्ही घ्या.
इसाईआस सर प्वेर्तो मोंतच्या इस्पितळात आहेत,
पालथं झोपवलंय त्यांना."
मी म्हटलं, मी शिक्षिका नाही.
पुस्तक कुठे असतं ते मला ठाऊक,
पुस्तकात काय असतं ते मुलांनी आपापलं बघायचं,
असा आमचा करार होता.
ते म्हणाले, सध्या कुणीच काही नाही.
आणि रेंज गेली.

पहिल्या सोमवारी पडद्यावर सात चौकोन.
बाविसांपैकी सात.
एकात नुसती छताची फळी.
एकात मेंढीचं पिल्लू, त्याच्यामागे कुठेतरी यास्ना.
जन्मभर "शू" म्हणत आले मी,
ओठांवर नेऊन नेऊन हे बोट जरा वाकडंच झालंय.
आता म्हणत होते, बोला रे, कुणीतरी बोला.
यास्नाचे ओठ हलले, आवाज नाही.
फार वेळ लागला मला ते ओठ वाचायला:
"बाई, तुम्ही उलट्या दिसताय."

उरलेले पंधरा चिलोएच्या आतल्या बेटांवर,
जिथे टेकडी चढून हात उंच केला
तर फोनला एक काडी मिळते,
तीही वाऱ्याच्या मर्जीने.
त्यांच्यासाठी रेडिओ.
पाद्रींच्या प्रवचनानंतर आणि बटाट्याच्या भावाआधी
वीस मिनिटं.

एक पान वाचायचे.
मग विचारायचे, "सांगा, कोल्ह्याने दार का नाही वाजवलं?"
आणि थांबायचे, मनात दहापर्यंत मोजत,
वर्गात एखादं मूल विचार करतं तेवढं.
काचेपलीकडून ओस्वाल्दो हातवारे करायचा.
रेडिओवर गप्प बसणं म्हणजे
भर समुद्रात इंजिन बंद करणं, बाई,
लोकांना वाटतं बुडालो.
मी तरी मोजायचे.
कोल्ह्यासाठी तर बारापर्यंत. प्रश्न अवघड होता.

पुस्तकं बटाट्याच्या पोत्यांतून सामानाच्या बोटीने जायची,
परत आली की तीन दिवस जिन्याखाली,
कुणी शिवायचं नाही.
चौथ्या दिवशी मी ती नाकाने वाचायचे:
हे धुराचं घर, हे ओल्या लोकरीचं,
हे बहुतेक गोठ्यात वाचलेलं.
जूनमध्ये माझं नाकच गेलं, सतरा दिवस.
त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही.

ऑगस्टात नावाडी रेइनाल्दो धक्क्यावरून ओरडला,
"बाई, काल घाई केलीत!
आम्ही चौघं शिंपल्यांच्या दोऱ्या ओढत होतो,
उत्तर अगदी तोंडावर आलं होतं,
आणि तुम्ही पान उलटलंत."
चौघंही पन्नाशी उलटलेले.
"काय होतं उत्तर?"
"कोल्हा ओळखीचा होता.
ओळखीचा माणूस दार वाजवत नाही, खाकरतो."

माझ्या वहीत लिहिलेलं होतं: कारण तो चोर होता.
ते मी खोडलं नाही.
त्याखाली हे लिहिलं.

इसाईआस सरांच्या कार्डावर एक पुस्तक अजून बाकी आहे,
पाणपक्ष्यांचं.
त्यांच्या बायकोने दोनदा निरोप धाडला, घेऊन जा.
मी अजून गेलेले नाही.

काल यास्नाच्या भावाने पुस्तक आणून दिलं, हातोहात,
पोतं नाही, जिन्याखालचे तीन दिवस नाहीत.
मी नोंदवही उघडली.
स्थिती: बरी.
पान एकतीसवर माशाचं एक खवलं चिकटलेलं.
काढू नये.