सावलीची रजा

विडी घरकुलात, चौथ्या गल्लीच्या तोंडाशी
दर शनिवारी मी माझं पुस्तक वाचून दाखवते.
अजून ते पुस्तक नाही. चोवीस कागद,
पाठकोऱ्या बाजूला लिहिलेले; पुढून जुनी हजेरी.
दुसरी-तिसरीची पोरं. अक्षरं मोठी, वाक्यं आखूड,
जोडाक्षरं पोह्यातल्या मिरच्यांसारखी
वेचून कडेला काढलेली.

'प्रकरण पहिलं' म्हटलं की
सुपातली पानं कातरणारी बालामणी
मान वर न करता म्हणते,
'परकरण? आमचं तर बँकेत पडून हाय दिवाळीपासनं.'
बाया हसतात. पोरांना कळत नाही, तरी हसतात.

गोष्ट एका सावलीची. नाव लांबुडकी.
सकाळी ती रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते,
दुपारी अंग चोरते,
आणि मे महिन्यात एक दिवस रजेचा अर्ज टाकून
कंबर तलावात, कमळांच्या पानांखाली
पाय सोडून बसते.
'बरोबर बारा वाजता,' मी लिहिलं होतं,
'लांबुडकी नाहीशी झाली.'

बालामणीच्या भार्गवीनं ते वाक्य
उसने दिलेले पैसे लक्षात ठेवावेत
तसं ठेवलं.

मेचा दुसरा आठवडा. शाळेला सुट्टी.
बापाच्या कारखान्यातली रिकामी कांडी
तिनं अंगणातल्या फरशीवर उभी केली,
दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरला,
एक डोळा मिटून म्हणाली, 'सरळ हाय.'
बारा वाजले.
सावली होती. बोटाच्या पेराएवढी, पश्चिमेला.

'बाई, तुमची गोष्ट खोटं बोलली.'

मी काय बोलणार?
ते वाक्य मी पंख्याखाली बसून लिहिलं होतं.
बाराला ऊन डोक्यावर, हे वर्गात शिकवत आले,
बाहेर येऊन कधी पाहिलं नव्हतं.

बारा दहा. निम्मी पोरं पांगली.
बारा सतरा. आईचा टॉवेल ओला करून
भार्गवीनं डोक्यावर घेतला; जागची हलली नाही.
बारा बावीस.
पेर आखडत आखडत आलं
आणि कांडीच्या बुडाखाली शिरलं,
पलंगाखाली मांजर शिरतं तसं.
शेपूटसुद्धा बाहेर नाही.

'गेली!' एक पोरगा ओरडला.
'गेली कुठं?' बालामणी सूप सोडून उठली होती,
'या उन्हात ती जाईल कुठं? पायाखाली बसलीय.'
मग लेकीला तेलुगूत काहीतरी म्हणाली,
त्यातला 'नीडा' एवढाच शब्द मला कळला.
आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिली,
हजारातल्या सहाशे विड्या अजून वळायच्या असताना.

रात्री मी तलाव खोडला.
मग पुन्हा लिहिला, कमळांसकट. मग वर लिहिलं:
'ती तलावात गेली असं सगळ्यांना वाटलं.
भार्गवीला वाटलं नाही.'
आणि पुढचं प्रकरण सुरू केलं: सोलापूरचे बारा.
त्यात घड्याळ कबूल करतं की
त्याचे बारा इथले नाहीत,
दूर पूर्वेकडच्या एका रेषेवरून
सगळ्या देशानं मिळून आणलेले आहेत;
आपले बारा पायी येतात, मागून.

शनिवारी वाचलं. नळाला पाणी आलं होतं,
चार दिवसांनी, म्हणून ऐकायला कोणीच नव्हतं,
घागरी होत्या रांगेत, आपापल्या सावलीला धरून,
आणि भार्गवी.
'किती मागून?' तिनं विचारलं.
'सव्वीस मिनिटं.'
'पण मी बावीस बघितली.'

खरं आहे. सूर्य कधी पुढं चालतो, कधी रेंगाळतो,
त्याचाही हिशेब असतो; मला तो माहीत आहे,
दुसरीच्या भाषेत मांडता येत नाही अजून.
'सांगेन,' मी म्हटलं.
तिनं माझ्याच पेन्सिलीनं
कागद उलटून, जुन्या हजेरीच्या समासात लिहिलं:
बाई. ४ मिनिटं बाकी.